गंज विकत घेणे आहे

चकाकणारी वस्तू समोर आली की मराठी माणूस आधी ती वाजवून बघतो. डोळ्यांवर त्याचा विश्वास नसतो. बोट वाकवून पेराने दोनदा ठोकायचं आणि कान द्यायचा. ‘ठण्ण’ झालं तर धातू, ‘ठक्’ झालं तर लाकूड, आणि काहीच झालं नाही तर लग्नात आलेला आहेर. पुढची पायरी म्हणजे वस्तू हातात घेऊन तोलणं. तोलताना चेहऱ्यावर किंचित नाराजी ठेवावी लागते, नाहीतर दुकानदार भाव चढवतो. तिसरी पायरी खरेदीच्या आधीच उरकायची असते: “मोडीत काय येईल?” नवं पातेलं अजून फळीवर असायचं, त्यात एकदाही आमटी उकळलेली नसायची, आणि आमच्या आजीने त्याच्या शेवटच्या दिवसाचा भाव विचारून ठेवलेला असायचा. दुकानदारालाही त्यात काही गैर वाटत नसे. तांब्या-पितळेची भांडी वजनावर यायची आणि वजनावरच जायची. थोडी घट सोडली तर मधल्या चाळीस वर्षांचा वापर फुकट.

ही परीक्षा तांबं, पितळ, कासं, चांदी सगळ्यांना पुरली. अॅल्युमिनियम आलं तेव्हा ती जराशी डगमगली, कारण ते भांडं उचललं तरी काही उचलल्यासारखं वाटेना. स्टीलने मोडीचा भाव बुडवला. पण स्टीलवर निदान नाव घालता यायचं, आणि शेजारी गेलेली वाटी पुराव्यानिशी परत मागता यायची. आता मात्र तिन्ही पायऱ्यांवर घोळ घालणारा प्रकार घरात शिरला आहे. त्याला ‘लिक्विड मेटल’ म्हणतात.

आमच्या इमारतीत तो चौथ्या मजल्यावर शिरला. तिथल्या जोडप्याने फ्लॅट नव्याने करायला काढला आणि इंटीरिअरचं काम बघणाऱ्या मुलीने त्यांना मुख्य दाराला ब्राँझ, दिवाणखान्यातल्या एका भिंतीला तांबं आणि टीव्हीच्या मागे लोखंड सुचवलं. घरात नवऱ्याचे वडील आहेत, बँकेतून निवृत्त झालेले. लोखंड म्हटल्यावर त्यांना आधी स्लॅब आठवला.

“एवढं वजन पेलेल का? इमारत जुनी आहे.”

“काका, वजन काहीच नाही. आत एमडीएफच आहे. वर फक्त मेटलची स्किन.”

“म्हणजे रंग.”

“रंग नाही काका. रिअल मेटल.”

“मग पत्रा?”

“पत्रा नाही. लिक्विड असतं.”

“म्हणजे घरात भट्टी लावणार?”

“नाही हो काका, थंडच असतं.”

काका गप्प झाले. बँकेत त्यांनी खोट्या नोटा पकडल्या होत्या. सोनं तारण ठेवायला आलेल्या माणसाचा चेहरा आणि कसोटीवरचा कस, दोन्ही त्यांना वाचता येत होते. पण खरं असूनही वजन नसलेलं, पातळ असूनही गरम नसलेलं लोखंड त्यांच्या कुठल्याच परिपत्रकात बसत नव्हतं.

मुलगी मात्र अगदी बरोबर बोलत होती. एखाद्या वस्तूवर धातूचा थर चढवायचा तर पूर्वी विस्तवाशिवाय सहसा भागत नसे. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणून कल्हईवाल्याला रस्त्याकडेचा एक खड्डा, भाता आणि चिमूटभर नवसागर पुरायचा. तांब्याला मात्र १०८५ अंश लागतात. एमडीएफ म्हणजे लाकडाचे तंतू आणि रेझिन दाबून केलेली फळी. तिच्यावर वितळलेलं तांबं ओतलं तर दार होत नाही, होळी होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वित्झर्लंडच्या माक्स उलरिच शूप यांनी वितळलेल्या धातूचा फवारा मारायचं तंत्र काढलं. पुलांवर जस्त चढवायला ते उत्तम आहे; दिवाणखान्यात ते आणलं तर पडद्यांचं काही खरं नाही.

थंड लेपाने ही आगच वगळली. तांबं, पितळ, ब्राँझ, जस्त, लोखंड, जे हवं त्याची मैद्याइतकी बारीक पूड घ्यायची, रेझिनमध्ये कालवायची, हार्डनर घालायचा आणि मिश्रण घट्ट व्हायच्या आत गनने फवारायचं किंवा पट्टीने ओढायचं. रेझिन खोलीतल्या हवेतच कडक होतं. खाली काय आहे याची त्याला फिकीर नसते: फळी, काच, प्लास्टर, फायबर, प्लास्टिक, काहीही चालतं. सुकलेल्या थराचं वजन केलं तर त्यात धातूचाच वाटा मोठा भरतो. थर जेमतेम मिलिमीटरच्या एखाद्या अंशाचा, पण आहे तो धातू.

हे काम खाली पार्किंगमध्ये, एका होतकरू नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या जुन्या फ्लेक्सच्या आडोशाला चाललं होतं. अर्धी इमारत बघायला. पहिल्या दिवशी सगळ्यांची निराशा झाली, कारण फवारून सुकलेलं ब्राँझ हे ब्राँझ सोडून बाकी सगळ्यासारखं दिसतं. मातकट, मंद, चकाकी शून्य. प्रत्येक कणाभोवती रेझिनचा पापुद्रा असतो ना. तळमजल्यावरच्या आजोबांनी दाराला प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, “यापेक्षा शेण स्वस्त पडलं नसतं का?” रंगारी अनुभवी होता. “आजोबा, उद्या घासल्यावर बोला,” म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने पॉलिश पेपर काढले. जाडापासून बारकाकडे, मग स्टील वूल, मग मशीनवर बफ. पापुद्रा गेला, कणांची तोंडं उघडली आणि फळीतून हळूहळू ब्राँझ वर आलं. आजोबांनी हात लावला. गारही लागलं. मग त्यांनी बोट वाकवलं आणि पेराने ठोकलं.

ठक्.

एवढा समाधानी चेहरा मी त्यांचा क्वचितच पाहिला आहे.

भंगारवाल्याची परीक्षा अजून व्हायची होती. टीव्हीमागच्या लोखंडी लेपाची एक उरलेली पट्टी पार्किंगच्या भिंतीला टेकून ठेवली होती. भंगारवाल्याने दोरीला बांधलेलं लोहचुंबक सवयीने तिच्याकडे टाकलं आणि ते चिकटलं. चिकटणारच, लोखंडाची पूड होती ती. त्याने कंबर वाकवली, पाय रोवले, पंधरावीस किलोंच्या तयारीने दोन्ही हात घातले, आणि पट्टी एवढ्या सहज वर आली की तो मागच्या मागे स्कूटरवर बसला. मग त्याने पट्टी उलटी केली. मागे लाकूड. पुन्हा सुलटी केली. चुंबक लावलं. चिकटलं. बराच वेळ तो त्या पट्टीकडे बघत राहिला आणि शेवटी म्हणाला, “साहब, लोहे का भाव इसको दे नहीं सकता, और लकडी मैं लेता नहीं.” पट्टी जिथे होती तिथे ठेवून तो गेला. खरं-खोटं ठरवण्याच्या भानगडीत तो पडलाच नाही. भाव नाही, विषय संपला.

मला विचाराल तर लोकांना या लेपाचा राग येतो तो तो खोटा आहे म्हणून येत नाही. खोटं आम्हाला चालतं. एक ग्रॅम सोन्याचे दागिने घालून आमच्याकडच्या बायका लग्नात मिरवतात आणि “खरं नाही हो, एक ग्रॅमचं आहे,” हे स्वतःच, न विचारता, वरच्या पट्टीत सांगतात. हा लेप खरा आहे आणि तरीही त्याची मोड होत नाही, हे मात्र पचायला जड जातं.

थंड लेप आम्हाला नवा आहे असंही नाही. नाटक कंपनीतल्या राजाच्या मुकुटावर खळीने चिकटवलेला बेगड हा थंड लेपच होता. रत्नजडित सिंहासन उचलून विंगेत न्यायला एक पोरगा पुरायचा. पेढ्यावरचा वर्ख हा तर धातूच्या लेपांमधला सर्वांत कुलीन प्रकार, कारण तो थेट खाता येतो. धातू कुटून किती पातळ करावा याला काही मर्यादा असावी, पण कुटणाऱ्यांनी ती मानलेली नाही. सोन्याचा वर्ख मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास उतरतो, म्हणजे एक ग्रॅम सोन्यात अर्धा चौरस मीटर जागा झाकून निघते. एवढ्या सोन्यात एक अंगठी धड होत नाही, पण जेवणाचं ताट सोनेरी करून वर दोन-चार वाट्याही होतील. पूर्वी चांदीचा वर्ख जनावरांच्या आतड्याच्या पापुद्र्यांमध्ये ठेवून कुटत. २०१६ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने प्राणिजन्य वस्तू त्या कामात कुठल्याच टप्प्यावर वापरू नयेत असा नियम केला. तोपर्यंत काजूकतली शाकाहारी आहे या समजुतीत आपण सगळे आनंदात होतो.

आणि शेंदूर. शेंदराचा आणि धातूचा संबंध सहसा कोणी जोडत नाही, पण पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. त्यात तेल कालवायचं आणि दगडाला लावायचं. विस्तव नाही, भट्टी नाही. गावाच्या वेशीवरचा मारुती शतकानुशतकं हा लेप अंगावर घेतो आहे. थरावर थर चढत जातो, मूर्ती गोलसर होत जाते, नाक कुठे आणि गदा कुठे हे फक्त पुजाऱ्याला माहीत असतं. २०२२ मध्ये वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरचं साठलेलं शेंदूरलेपन उतरवलं तेव्हा ते हजार किलोंच्या पुढे भरलं आणि आतली मूळ मूर्ती पाहून भाविक थक्क झाले.

गंमत पुढे आहे. हाच शिशाचा ऑक्साइड जवसाच्या तेलात कालवून जगभरचे लोखंडी पूल गंजापासून राखले गेले. सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल, १९३७ मध्ये खुला झालेला, बांधकामाच्या वेळी असाच प्रायमर फासून उभा होता. त्याचे वास्तुकार अर्व्हिंग मॉरो यांना प्रायमरचा तांबडा रंगच आवडला आणि त्याच जातीचा नारिंगी रंग त्यांनी कायमचा ठेवायला लावला. म्हणजे अमेरिकेतला सर्वांत प्रसिद्ध पूल आणि आमच्या वेशीवरचा मारुती एका तालमीतले. फरक इतकाच, की मारुतीच्या रंगावर कोणी समिती नेमली नव्हती.

पृष्ठभाग कुठलाही असो, लेप बसला पाहिजे, या कसोटीवर पहिला नंबर मात्र जेजुरीला द्यावा लागेल. पायऱ्या, दीपमाळा, शेळ्या, टोप्या, मोबाइल, वरातीतून थेट आलेली नवरा-नवरी, काहीही सुटत नाही. हळदीत धातू नावालाही नसताना दगडी गड सोन्याचा होतो. रेझिनचं काम घाम करतो. एकदा बसलेला भंडारा शर्टाच्या कॉलरवरून पुढच्या सोमवतीपर्यंत उतरत नाही, आणि ही हमी कुठलाही लिक्विड मेटलवाला लेखी देणार नाही. दसऱ्याला तर आम्ही लेपही लावत नाही. आपट्याचं पान तसंच्या तसं सोनं म्हणून पुढे करतो, आणि समोरचा ते सोनं म्हणूनच खिशात घालतो.

जरीची गोष्ट वेगळी, कारण जरीला मोड होती. जुन्या पैठणीच्या काठातली जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार, वर सोन्याचं पाणी. साडी विरली की जरीचा व्यापारी दारात यायचा. काही घरांत तर साडी चक्क जाळायचे, आणि राखेतून चांदीचा गोळा निघायचा. आजीची पैठणी, तिच्या लग्नातली, तिच्याच नातीच्या बारशाला वाटी होऊन यायची. आता बऱ्याच साड्यांमध्ये जर म्हणून जे असतं ते प्लास्टिकच्या फितीवर बसवलेलं अॅल्युमिनियम. ते जाळलं तर आधी आक्रसतं, मग थेंब थेंब गळतं आणि शेवटी एक काळा मणी उरतो. त्याची वाटी होत नाही.

हीच फीत वेफर्सच्या पाकिटाच्या आतून असते, आणि शाळेच्या चषकांचीही तीच कुळी. निर्वात पेटीत अॅल्युमिनियमची वाफ करून ती प्लास्टिकच्या चषकावर धरायची. सोनेरी हवा असेल तर वरून पिवळं लॅकर. घरोघरी शोकेसमध्ये हे चषक उभे आहेत. दर दिवाळीला पुसताना त्यांचं थोडं थोडं सोनं फडक्याला लागतं, आणि मुलगा इंजिनिअर होईपर्यंत वक्तृत्वाचा प्रथम क्रमांक पांढऱ्या प्लास्टिकचा झालेला असतो.

गणपतीत सोनेरी स्प्रेचा डबा घेऊन थर्माकोलच्या मखरापाशी उभा राहिलेला कार्यकर्ता तुम्हीही पाहिला असेल. २०१८ च्या बंदीआधी ते दृश्य गल्लोगल्ली असायचं. स्प्रेमधलं द्रावण थर्माकोल विरघळवतं. आमच्या मंडळाने रात्री जागून कोरलेला राजवाडा पहिल्या फवाऱ्याला शहारला, दुसऱ्याला खचला आणि तिसऱ्याला त्याचा घुमट आत गेला. अध्यक्षांनी प्रसंगावधान राखून देखाव्याचं नाव ‘हिमालयातील गुहा’ केलं. त्या वर्षी आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. चषक. सोनेरी.

हे सगळं समजण्यासारखं आहे, कारण या प्रत्येकात वस्तू आहे त्यापेक्षा चांगली दिसावी हा हेतू आहे. चौथ्या मजल्यावरचं दार झाल्यावर तांब्याच्या भिंतीचं काम निघालं, आणि तिथे इमारतीचा धीर सुटला. भिंत घासून झाली. लखलखीत तांबं वर आलं, देवघरातल्या तांब्यासारखं. सगळ्यांनी वा वा केलं. आणि मग रंगाऱ्याने एका बाटलीतलं पाणी स्पंजाने भिंतीवर टिपायला सुरुवात केली. बघता बघता तांबं काळवंडलं, कुठे तपकिरी झालं, कुठे त्याच्यावर हिरवट निळे डाग उठले.

“अरे अरे, हे काय करतोयस?” बघायला आलेल्या एक काकू ओरडल्या.

“पॅटिना, काकू. याचेच पैसे आहेत.”

आता हे मराठी बाईला कोणत्या तोंडाने सांगायचं? तांब्यावर हिरवा डाग दिसणं म्हणजे सुनेची अब्रू जाणं. पिढ्यान् पिढ्या चिंच, लिंबू, ताक, राख आणि रांगोळी यांनी हा डाग घासण्यात गेल्या आहेत. चिंचेतलं आम्ल तांब्याचा काळा थर विरघळवतं हे रसायनशास्त्र शिकायच्या आधीच मुलींना पाठ असायचं. ठाण्यात ‘पितांबरी’ निघाली आणि तो एक सणच झाला. आणि इथे तो डाग चौरस फुटाच्या भावाने मुद्दाम बसवून घेतात! अमोनिया आणि मिठाने हिरवा, गंधकाच्या क्षारांनी काळा, अशी त्याची कृती आहे. आजीला जे नकोसं होतं त्या प्रत्येकाची आता पाककृती मिळते.

डागाच्या बाजूनेही बोलायला हवं. न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा १८८६ मध्ये उभा राहिला तेव्हा तो नव्या पैशासारखा तांबूस होता. अंगावर सुमारे २.४ मिलिमीटर जाडीचा तांब्याचा पत्रा. समुद्राच्या वाऱ्याने तो आधी काळवंडला आणि मग हिरवा पडू लागला. १९०६ मध्ये सरकारने तो रंगवायला पैसे मंजूर केले, तर लोकच भडकले: आम्हाला हिरवाच हवा. हिरवा थर आतल्या तांब्याचं रक्षण करतो असं लष्करी अभियंत्यांनीही सांगितलं, आणि बाहेरून रंगवणं रद्द झालं. पुतळा मुंबई बंदरात असता तर नवरात्राच्या आधी परळ-लालबागच्या बायकांनी शिड्या लावून एका दुपारीत लख्ख केला असता.

लोखंडाचं तर विचारूच नका. टीव्हीमागच्या भिंतीवर लोखंडी लेप घासून झाला, आणि रंगाऱ्याने त्याच्यावर मिठाचं पाणी आणि व्हिनेगर फवारलं. रात्रीत गंज आला. खराखुरा, नारिंगी, बोटाला लागणारा. यालाच फिनिश म्हणतात.

या फॅशनचं मूळ अमेरिकेतल्या कॉर-टेन पोलादात आहे. त्यात तांबं, क्रोमियम, फॉस्फरस असं थोडं थोडं घातलेलं असतं, त्यामुळे त्याच्यावरचा गंज घट्ट बसतो आणि आत खायला जात नाही. आधी ते रेल्वेच्या वाघिणींना वापरत. मग ईरो सारिनेन या वास्तुकाराने त्याची अख्खी कचेरी आखली आणि १९६४ मध्ये ती पूर्ण झाली. कचेरी कोणाची, तर जॉन डीअर या ट्रॅक्टर कंपनीची. त्यांचा कारखाना आपल्या पुण्याजवळ सणसवाडीलाही आहे. शेतकरी बिचारा ट्रॅक्टर पावसात भिजू नये म्हणून त्याच्यावर घरातली ताडपत्री घालतो आणि स्वतः भिजतो. तिकडे कंपनीचं मुख्यालय ऐटीत गंजत उभं आहे.

कोकणात आणि मुंबईत गंज फुकट मिळतो. खिडकीच्या ग्रिलला, गॅलरीच्या कठड्याला, एसीच्या स्टँडला खारा वारा तो घरपोच देतो. त्याच्याशी लढायला आपण दर दोन वर्षांनी रंगारी बोलावतो, तो खरवडतो आणि रेड ऑक्साइड मारतो. रेड ऑक्साइड म्हणजे काय? आयर्न ऑक्साइड. म्हणजे गंजच, चांगल्या घरातला. गंज काढून गंज लावायचा, वर ऑइलपेंटचे दोन हात, आणि पुढच्या पावसाळ्याची वाट बघायची. हे आपण इतकी वर्षं खर्चाच्या बाजूला लिहीत आलो आणि डिझाइनवाल्यांनी तेच उत्पन्नाच्या बाजूला लिहिलं.

चौथ्या मजल्यावर कामाला येणाऱ्या मावशींनी ती तांब्याची भिंत प्रथम पाहिली तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. दिवाळीच्या आधी मात्र त्या स्वतःच्या घरून चिंच भिजवून घेऊन आल्या. घरातल्या वहिनी ऑफिसला गेलेल्या. काका वर्तमानपत्र वाचत होते आणि त्यांनी, बहुधा बँकेतल्या सवयीने, न बघता मान डोलावली. मावशींनी चिंच लावली, मीठ लावलं, काथ्याने जीव खाऊन घासलं. काही झालं नाही. डाग जागचा हलला नाही, कारण पॅटिनावर वरून लॅकर मारलेलं असतं. चिंच धातूपर्यंत पोचतच नाही. संध्याकाळी वहिनी आल्या तेव्हा मावशी पदराने घाम पुसत उभ्या होत्या.

“वहिनी, तुम्हाला फसवलंय. माल परत करा. बावीस वर्षं भांडी घासतेय, एवढा हट्टी डाग नाही बघितला.”

आणि मग शेवटची वार्षिक सर्वसाधारण सभा. विषय क्रमांक सहा, इमारतीचं गेट रंगवणे. दर वेळी हा विषय दोन मिनिटांत संपतो. कोणीतरी काळा रंग सुचवतं, कोणीतरी हिरवा, आणि ‘सिल्व्हर’ मंजूर होतो. सिल्व्हर म्हणजे अॅल्युमिनियमच्या चकत्यांचा रंग. त्या चकत्या सुकताना वर तरंगतात आणि एकमेकींवर आडव्या पसरतात, म्हणून तो चमकतो. देशातल्या तमाम पाण्याच्या टाक्या, विजेचे खांब आणि शाळेच्या खिडक्या याच रंगाच्या आहेत. तो मारणारा माणूस भेदभाव करत नाही. मागच्या वेळी त्याने गेटबरोबर कुलूप, कडी, गेटवर चढलेली मधुमालती आणि ‘कुत्र्यापासून सावध’ ही पाटी, सगळं रुपेरी केलं होतं.

या वेळी खजिनदार उठले. हातात कागद होता. चौथ्या मजल्यावर गंजाचा दर काय लागला, हे त्यांनी तिथल्याच काकांकडून काढून आणलं होतं. त्यांनी तो दर वाचून दाखवला. सभेत शांतता.

“आता आपल्या गेटचं क्षेत्रफळ,” खजिनदार म्हणाले, “दोन्ही बाजू धरून मी मोजलंय. त्यावर गेली कित्येक वर्षं जो गंज आहे तो संपूर्ण नैसर्गिक आहे. व्हिनेगर वापरलेलं नाही. या दराने त्याची किंमत सोसायटीच्या मुदत ठेवीपेक्षा जास्त होते. तो खरवडून वर सिल्व्हर मारणं म्हणजे सोसायटीच्या मालमत्तेचं नुकसान आहे.”

सचिवांनी विचारलं की मग हे मालमत्तेच्या नोंदवहीत कुठल्या सदरात लिहायचं. दुसऱ्या मजल्यावरच्या वकीलबाई म्हणाल्या, फर्निचर. एका सभासदाने हरकत घेतली की आपला गंज एकसारखा नाही, बिजागऱ्यांपाशी जास्त आहे आणि मधल्या दोन गजांत तर आरपार दिसतं. त्यावर चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी समजावलं की असमान असतो तोच महाग असतो. ठराव बहुमताने मंजूर झाला. तळमजल्यावरच्या आजोबांनी फक्त एक दुरुस्ती सुचवली: आहे तो गंज यापुढे वाढू नये आणि आल्यागेल्याच्या कपड्यांना लागू नये म्हणून त्याच्यावर लॅकरचा एक हात मारून घ्यावा. त्यासाठी तीन कोटेशनं मागवली आहेत.